शिंपल्यांतलं विष: सापडलं कसं आणि मोजतात कसं

काचनळी

"चांगलं रटरटून उकळलं की शिंपल्यातलं विष मरतं." हे वाक्य गेल्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या धाग्यांवर वाचलं. तिसऱ्यांदा वाचल्यावर राहवेना, म्हणून लिहितेय. अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत माझी अकरा वर्षं शिंपल्यांतल्या विषांच्या मागे गेली आहेत, आणि याच्याइतका घातक गैरसमज मी दुसरा पाहिलेला नाही.

मरायला ते जिवंत नसतंच. उकळल्यावर मरतात ते जंतू. इथे प्रश्न आहे सूक्ष्म शैवालांनी तयार केलेल्या रेणूंचा. स्वयंपाकातली आच, गोठवणं, लिंबू, मीठ यांपैकी कशावरही विसंबून शिंपला सुरक्षित झाला असं म्हणता येत नाही. चांदीचा चमचा काळा पडला तर विष आहे, ही समजूतही जुनीच. चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांमुळे. या विषांशी तिचा काही संबंध नाही. चव, वास, रंग काहीच बदलत नाही. विषारी शिंपला ताज्या शिंपल्यासारखा दिसतो, कारण तो ताजाच असतो.

शिंपला पाणी गाळून जगतो. तासाला लिटर-दोन लिटर पाणी त्याच्या कल्ल्यांमधून जातं आणि त्यातलं शैवाल पोटात उतरतं. शैवाल विषारी असेल तर विषही साठत जातं, आणि बहुतेक वेळा त्या शिंपल्याला काहीच होत नाही. शिंपला नीट उघडून पाहिला तर पिवळसर-केशरी मांसाच्या मधोमध एक वाटाण्याएवढी काळपट हिरवी गाठ दिसते. ती पाचकग्रंथी. बरीचशी विषं आधी तिथेच जमतात. सुरीच्या टोकाने ती फोडली की हिरवट लगदा बाहेर येतो, गवत ठेचल्यासारखा, आणि त्यात शिंपल्याने गेल्या काही दिवसांत जे जे खाल्लं त्याची नोंद असते. माझं निम्मं काम त्या लगद्याभोवतीच चालतं.

माणसांना याचा अनुभव फार जुना आहे. १७९३ च्या जूनमध्ये कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हर यांच्या मोहिमेतल्या काही खलाशांनी आजच्या ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर शिंपले खाल्ले. ओठ आणि बोटं बधिर झाली, हातपाय चालेनात. जॉन कार्टर नावाचा खलाशी काही तासांत गेला. तिथल्या एका उपसागराला आजही त्याचं नाव आहे, आणि जवळच्या खाडीचं नाव पॉयझन कोव्ह.

पण नेमकं कशाने? याचं उत्तर मिळायला दीडशेच्या वर वर्षं गेली. १९२७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात मोठी विषबाधा झाली, तेव्हा हर्मन सॉमर आणि कार्ल मेयर या मंडळींनी शिंपल्यातलं विष आणि पाण्यातलं एक सूक्ष्म शैवाल यांचा संबंध लावला. १९३७ मध्ये त्यांनी मोजण्याची पद्धत दिली ती उंदरावरची: वीस ग्रॅमचा उंदीर पंधरा मिनिटांत मरायला जेवढं विष लागतं, ते एक एकक. रेणू मात्र अजून कोणी पाहिला नव्हता. १९५७ मध्ये एडवर्ड शँट्झ आणि सहकाऱ्यांनी अलास्काच्या बटर क्लॅम या शिंपल्यातून तो शुद्ध रूपात वेगळा केला. त्या शिंपल्याचं शास्त्रीय नाव सॅक्सिडोमस, म्हणून विषाचं नाव सॅक्सिटॉक्सिन. आणि रचना कळली १९७५ मध्ये! हाती शुद्ध पदार्थ असताना तो आतून कसा आहे हे कळायला अठरा वर्षं लागली.

हे सगळं सांगायचं कारण असं की, विष शुद्ध करणं ही शास्त्रज्ञांची हौस नव्हती. शुद्ध रेणू हाती आल्याशिवाय त्याची मोजपट्टीच बनत नाही. आज सॅक्सिटॉक्सिन गटाची मर्यादा किलोमागे ८०० मायक्रोग्रॅम आहे. हा आकडा यंत्रावर वाचायचा, तर त्याच्या शेजारी ज्याचं प्रमाण पक्कं माहीत आहे असा शुद्ध नमुना ठेवावाच लागतो. यंत्र स्वतःहून काही सांगत नाही, ते फक्त तुलना करतं.

यावर बोलूया. प्रश्न विचारा, माझं चुकत असेल तर सांगा.

---

मीठपाणी

ताई, लेख फार आवडला. आमच्या घरी 'लाटा लाल दिसल्या तरच शिंपले टाळायचे' असं म्हणतात. ते खरं का?

---

काचनळी

मीठपाणी, धन्यवाद. नाही, त्यावर विसंबू नका. पाणी लाल दिसणं आणि विष असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी लालभडक करणारी कितीतरी शैवालं बिनविषारी असतात. उलट डायनोफिसिस नावाचं शैवाल लिटरमागे काही शे पेशी इतकं विरळ असलं तरी शिंपला खाण्यालायक न राहण्याइतका विषारी होऊ शकतो. लिटरभर पाण्यात काही शे पेशी डोळ्यांना काय दिसणार? पाणी नितळच दिसतं.

---

ओहोटीरेषा

मी सागरी जीवशास्त्रातली. काचनळींच्या लेखात थोडी भर घालते.

शिंपल्याला विष बाधत नाही, हे सगळीकडे सारखं नसतं. सॅक्सिटॉक्सिन चेतापेशींमधल्या सोडियमच्या वाटा बुजवतं, म्हणून माणसाचे स्नायू लुळे पडतात. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर माया अरेनारिया नावाचा एक मऊ कवचाचा शिंपला आहे. जिथे शैवालाचे विषारी बहर वारंवार येतात, म्हणजे ते एकदम भरमसाट वाढतं, तिथल्या या शिंपल्यांमध्ये सोडियमच्या वाटेच्या प्रथिनात एक छोटा बदल आढळला, फक्त एका अमिनो आम्लाचा. त्यामुळे विष तिथे नीट चिकटतच नाही. हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. बहर न येणाऱ्या भागातले त्याच जातीचे शिंपले मात्र विषाने लुळे पडतात. म्हणजे विषाने त्या प्राण्यांची निवड केली, आणि जे तगले ते जास्त विष साठवू लागले. खाणाऱ्याच्या दृष्टीने ही वाईट बातमी.

दुसरं, किती दिवस थांबायचं याला एक उत्तर नाही. मसल्स जातीचे साधे शिंपले स्वच्छ पाण्यात काही आठवड्यांत निवळतात. बटर क्लॅम मात्र आपल्या नळीत, म्हणजे सायफनमध्ये, हे विष दोन वर्षांपर्यंत धरून ठेवू शकतो. "मागच्या महिन्यात बहर संपला" हे ऐकून निश्चिंत होऊ नये ते यासाठी.

---

शंकासूर

दोघींनाही धन्यवाद. माझा प्रश्न जरा आडवा आहे. उंदराची चाचणी क्रूर आहे हे मान्य, पण उंदीर कशानेही मरतो. यंत्र फक्त जे शोधायला सांगाल तेच शोधतं. उद्या नवंच विष आलं तर यंत्र "सगळं ठीक" म्हणेल आणि माणसं मरतील. मग उंदीर काढून टाकणं शहाणपणाचं होतं का?

---

काचनळी

शंकासूर, तुमचा प्रश्न अजिबात आडवा नाही. आमच्या क्षेत्रात यावर वर्षानुवर्षं वाद झाले, आणि तुमच्या बाजूने सगळ्यात मोठा पुरावा १९८७ चा आहे. तो सविस्तर सांगते, कारण मला ती गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कंटाळा येत नाही.

१९८७ च्या नोव्हेंबरअखेर कॅनडात लोक आजारी पडू लागले. उलट्या, जुलाब, आणि मग काहीतरी विचित्र: माणसं गोंधळलेली, काहींना झटके, आणि काहींची नवं काही लक्षात ठेवायची शक्तीच गेलेली. शंभराहून जास्त लोक आजारी, काही वृद्ध दगावले. सगळ्यांनी खाल्लेले मसल्स प्रिन्स एडवर्ड बेटावरचे. नेहमीची विषं तपासली, एकही नाही. जंतू नाहीत, कीटकनाशक नाही, जड धातू नाहीत. पण अर्क टोचलेले उंदीर मरत होते, आणि मरण्याआधी मागच्या पायाने खांदा खाजवत होते. सॅक्सिटॉक्सिनने उंदीर असं करत नाही. त्या खाजवण्यावरूनच कळलं की हे काहीतरी वेगळं आहे.

हॅलिफॅक्सच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळेत ते शिंपले पोचले. तिथल्या लोकांनी अर्काचे भाग पाडत नेले आणि प्रत्येक वेळी विष कुठल्या भागात गेलं हे पाहिलं. जो भाग निरुपद्रवी तो बाजूला, जो विषारी त्याचे पुन्हा भाग. शेजारी चांगल्या शिंपल्यांचा अर्क तसाच चालवत होते, म्हणजे दोन्हीतला फरक डोळ्यांसमोर यावा. काम सुरू झाल्यापासून १०४ तासांत नाव हाती आलं: डोमोइक आम्ल. गंमत म्हणजे रेणू नवा नव्हता. जपानमध्ये १९५८ सालीच तो एका लाल समुद्री शैवालातून वेगळा झाला होता, त्या शैवालाच्या 'डोमोई' या स्थानिक नावावरून त्याला नाव मिळालं होतं, आणि जंताचं औषध म्हणून त्याची ओळख होती. तो शिंपल्यात असेल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्या शिंपल्यांच्या पाचकग्रंथी गर्द हिरव्या होत्या, एका डायटमने, म्हणजे एका प्रकारच्या सूक्ष्म शैवालाने, गच्च भरलेल्या. गुन्हेगार तोच निघाला.

तर होय, उंदराने इशारा दिला. पण पुढचं बघा. आज डोमोइक आम्लाची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे, आणि उंदराची चाचणी साधारण ४० च्या खाली काही दाखवतच नाही. म्हणजे मर्यादेच्या दीडपट विष असलेला शिंपला उंदराच्या परीक्षेत पास होतो. जुलाब घडवणाऱ्या विषांच्या बाबतीत तर उंदराचे निकाल आणखी बेभरवशाचे होते. युरोपीय संघाने त्या गटासाठी २०११ मध्ये मास स्पेक्ट्रोमीटरची, म्हणजे रेणू त्यांच्या वजनावरून ओळखणाऱ्या यंत्राची, पद्धत मुख्य ठरवली आणि २०१४ अखेरपर्यंत उंदीर टप्प्याटप्प्याने काढला. माझ्या मते निर्णय बरोबर होता. तुमची भीती मात्र खोटी नाही, म्हणून चांगल्या प्रयोगशाळा नेहमीच्या यादीपलीकडेही बघतात आणि रुग्णालयांकडून येणाऱ्या बातम्यांवर कान ठेवून असतात. माणसं आजारी आहेत आणि यंत्र "काही नाही" म्हणतंय, तर यंत्राला प्रश्न चुकीचा विचारलाय असं धरून चालायचं.

---

शंकासूर

समजलं. ४० आणि २० चा हिशोब माहीत नव्हता. माझं मत बदललं असं म्हणायला हरकत नाही.

---

नाडीपरीक्षा

अतिदक्षता विभागात काम करतो. लक्षणांबद्दल लिहितो, कारण इथे वाचणाऱ्या कोणाला तरी कधी गरज पडेल.

शिंपले खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून काही तासांत ओठ, जीभ, तोंडाभोवती मुंग्या येणं किंवा बधिरपणा हे पहिलं लक्षण. मग बोटं, मग अशक्तपणा, बोलायला-गिळायला त्रास. इथे घरगुती उपाय करत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा. सॅक्सिटॉक्सिनला उतारा नाही. आम्ही करतो ते एवढंच: श्वास बंद पडला तर यंत्राने श्वास देत राहतो. रुग्ण शुद्धीत असतो, त्याला सगळं ऐकू येतं, फक्त हालता येत नाही. म्हणून त्याच्याशी बोलत राहायचं, काय चाललंय ते सांगत राहायचं. पहिला दिवस निभावला तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.

आणि एक विनंती. उरलेलं अन्न फेकू नका. पिशवीत बांधून, वर स्पष्ट लिहून, थंड ठेवा आणि आरोग्य विभागाला द्या. काचनळींसारख्यांना तेवढाच धागा मिळतो.

---

काचनळी

डॉक्टर, शेवटच्या परिच्छेदासाठी तुमचे मनापासून आभार. नमुना आमच्यापर्यंत पोचतच नाही, ही आमची सगळ्यात मोठी अडचण असते.

---

नवशिकी

नमस्कार ताई. मी रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. हे वाचून प्रकल्पासाठी सॅक्सिटॉक्सिनच वेगळं करून शुद्ध करावं असं मनात आलं. कुठला द्रावक, कुठले स्तंभ, किती शिंपले लागतील, असं टप्प्याटप्प्याने सांगाल का?

---

काचनळी

नवशिकी, तुझा उत्साह समजतो, पण हे मी सांगणार नाही, आणि इतर कोणीही इथे लिहू नये अशी विनंती करते.

सॅक्सिटॉक्सिन रासायनिक अस्त्रबंदी कराराच्या पहिल्या अनुसूचीत आहे, मस्टर्ड वायू आणि सरीनच्या रांगेत. निसर्गातल्या विषांपैकी तिथे फक्त दोन आहेत: रायसिन आणि हे. ते बनवणं, बाळगणं, देशाबाहेर पाठवणं यावर कडक बंधनं आहेत. तपासणीच्या कामाला सुद्धा त्याचा त्रास झाला. निदानासाठी लागणारा चिमूटभर नमुना एका देशातून दुसऱ्या देशात पाठवायला तीस दिवस आधी कळवावं लागायचं. पुढे वैद्यकीय आणि निदानाच्या कामासाठी ५ मिलिग्रॅमपर्यंतच्या नमुन्यांना त्या मुदतीतून सूट मिळाली. यावरून किती जपून हे हाताळलं जातं ते बघ. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, चूक झाली तर त्यावर उतारा नाही हे डॉक्टरांनी वर लिहिलंच आहे.

शिवाय त्याची गरजही नाही. शुद्ध विष बनवणं हे मोजक्या परवानाधारक प्रयोगशाळांचं काम. १९८७ च्या प्रसंगानंतर हॅलिफॅक्सच्याच संस्थेने प्रमाणित नमुने बनवायचं काम अंगावर घेतलं, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळा त्यांच्याकडून काचेच्या सीलबंद कुपीत अत्यंत पातळ द्रावण मागवतात. कुपीवर आकडा असतो आणि त्या आकड्याची अनिश्चितताही. विष असलेल्या शिंपल्यांचं प्रमाणित मांसही मिळतं, म्हणजे आपली पद्धत खऱ्या मांसावर चालते का ते तपासता येतं.

---

ओहोटीरेषा

नवशिकी, शुद्ध करणं किती चिवट काम आहे याची एक गोष्ट सांगते. ती कृती नव्हे.

१९९५ मध्ये नेदरलँड्समध्ये काही लोक आयर्लंडच्या किलरी हार्बरचे मसल्स खाऊन आजारी पडले. लक्षणं ओळखीची, पण ओळखीचं विष पुरेसं सापडेना. जपानी आणि आयरिश संशोधकांनी वीस किलो मांसातून सुमारे दोन मिलिग्रॅम पदार्थ वेगळा केला, आणि १९९८ मध्ये त्याची रचना मांडली: अझास्पिरॅसिड. एवढ्याशा पदार्थावरून कागदावर काढलेली रचना. मग रसायनशास्त्रज्ञ के. सी. निकोलाऊ यांच्या गटाने तीच रचना प्रयोगशाळेत बनवली, तर ती निसर्गातल्या रेणूशी जुळेना! म्हणजे चित्रच चुकलं होतं. २००४ मध्ये दुरुस्त रचना बनवून त्यांनी ती सिद्ध केली. ते बनवणारं शैवाल सापडायला तर आणखी काही वर्षं गेली, कारण ते फारच बारीक आहे.

काचनळींच्या पहिल्या मुद्द्याला यातून आणखी एक पुरावा मिळतो: अझास्पिरॅसिड असलेले मसल्स शिजवले की किलोमागे विष वाढलेलं दिसतं. एक तर पाणी सुटून मांस आकसतं, आणि दुसरं म्हणजे शिंपल्याच्या शरीरात तयार झालेलं एक उपरूप आचेने बदलून मोजल्या जाणाऱ्या विषांपैकी एक होतं.

---

मीठपाणी

शिजवल्यावर *वाढतं*? हे आज घरी सगळ्यांना वाचून दाखवणार.

शैवालच वाढवून त्यातून नमुने का नाही बनवत? शिंपले कशाला?

---

ओहोटीरेषा

काही शैवालं वाढवतात. पण मी ज्या डायनोफिसिसमागे आहे त्याने सगळ्यांना दमवलं. कितीही पोषक पाणी द्या, पेशी काही दिवसांत मरायच्या. २००६ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी कोडं सोडवलं. डायनोफिसिसला जिवंत भक्ष्य हवं, तेही एकच: मेसोडिनियम नावाचा लालसर केसाळ एकपेशीय जीव. आणि मेसोडिनियमला जगायला स्वतःचं वेगळं भक्ष्य, एक क्रिप्टोफाइट शैवाल. म्हणजे एक पेशी वाढवायला तिघांचा संसार सांभाळायचा. सूक्ष्मदर्शकाखाली मी हे पाहिलंय: डायनोफिसिस एक बारीक नळी टोचतं आणि मेसोडिनियमला आतून शोषून घेतं, त्यातली लवकं, म्हणजे प्रकाशावर अन्न बनवणारे पेशीतले कण, स्वतःजवळ ठेवतं आणि काही काळ त्यावर प्रकाशात जगतं. ती लवकंही मेसोडिनियमची नव्हेत, त्यानेही ती क्रिप्टोफाइटकडून पळवलेली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चहा विसरले होते.

---

नवशिकी

ताई, समजलं, आणि रागही नाही आला. मग मी प्रकल्पात काय करू? विषय सोडवत नाही.

---

काचनळी

सोडू नकोस. सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित काम सुचवते.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. मी यंत्राची मोजपट्टी शुद्ध द्रावकात बनवली होती आणि नमुने शिंपल्याच्या अर्कात. अर्कातले क्षार आणि चरबी यंत्रात विषाचा संकेत दाबतात हे पुस्तकात वाचलेलं, पण अंगात मुरलेलं नव्हतं. एक नमुना मर्यादेच्या थोडा खाली आला. मी "योग्य" लिहिलं. वरिष्ठांनी सही करण्याआधी विचारलं, "स्वच्छ मांसात ठरावीक प्रमाण घालून परत किती मिळतं ते बघितलंस?" बघितलं नव्हतं. केलं, तर घातलं त्याच्या जेमतेम निम्मं परत आलं. म्हणजे तो नमुना मर्यादेच्या बराच वर होता. अहवाल बाहेर गेला नव्हता म्हणून निभावलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. आजही प्रत्येक तुकडीत ती तपासणी मी स्वतः करते, हाताखाली कोणी असलं तरी.

तर तुझा प्रकल्प हा: स्वच्छ शिंपल्याच्या मांसात डोमोइक आम्ल परत किती मिळतं. ते पहिल्या अनुसूचीत नाही, प्रमाणित पातळ द्रावण मार्गदर्शकांमार्फत रीतसर मागवता येतं, आणि द्रव क्रोमॅटोग्राफीच्या, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या, यंत्राला साधा अतिनील शोधक असला तरी ते दिसतं. महागडं यंत्र लागणार नाही. मार्गदर्शक आणि सुरक्षा समितीची लेखी परवानगी आधी घे, हातमोजे आणि चष्मा कायम. मर्यादेच्या निम्मं, मर्यादेइतकं आणि दुप्पट अशा तीन पातळ्या घे, प्रत्येक निदान पाच वेळा. पाचकग्रंथी वेगळी आणि उरलेलं मांस वेगळं करून बघ, फरक दिसेल असं मला वाटतं.

---

नवशिकी

हे जमेल! सोमवारीच सरांशी बोलते. कोरा नमुना म्हणून काय घ्यायचं?

---

काचनळी

त्याच तुकडीतल्या, आधी तपासून स्वच्छ ठरलेल्या शिंपल्यांचं मांस. एकदम जास्त वाटून, छोट्या डब्यांत भागून गोठव, म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंत तेच मांस वापरता येईल. आणि डब्यावर तारीख पेन्सिलीने लिही, शाई गोठणाच्या ओलाव्यात उडते. आकडे आले की इथेच टाक, आपण बघू.